भाषेचा तास शनिवारी शेवटचा

मी हिशेबशास्त्र शिकवतो. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी, मुंबई विद्यापीठाला संलग्न असलेल्या महाविद्यालयात, गेली बावीस वर्षं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की हा मराठीचा नाहीतर हिंदीचा प्राध्यापक असावा आणि स्वतःच्या नोकरीसाठी भांडत असावा. तसं नाही. पदवीतले भाषेचे तास कमी झाले तर त्यातले काही माझ्याच विभागाकडे येतील.

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला आमच्या भागातल्या काही महाविद्यालयांतले शिक्षक वेळापत्रक ठरवायला एकत्र बसले होते. तिथे सूचना आली की आधुनिक भारतीय भाषेसाठी राखलेले चार क्रेडिट ऐच्छिक करावेत, म्हणजे तशी मागणी विद्यापीठाकडे पाठवावी. ज्याला भाषा हवी त्याने भाषा घ्यावी, ज्याला नको त्याने जीएसटीचं विवरणपत्र भरायला शिकावं, डिजिटल मार्केटिंग शिकावं, हाताला काम देईल असं काहीतरी करावं. खोलीतल्या निम्म्याहून जास्त माना हलल्या. मी गप्प राहिलो. तेव्हा बोलायला हवं होतं, म्हणून आता लिहितो आहे.

ज्यांना हा हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू करताना राज्य सरकारने २०२३ मध्ये पदवीची जी चौकट आखून दिली, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीला जास्तीत जास्त १३२ क्रेडिट आहेत. त्यांतले आठ भाषिक क्षमतेसाठी, चार इंग्रजीला आणि चार आधुनिक भारतीय भाषेला. एक क्रेडिट म्हणजे १५ तास. म्हणजे तीन वर्षांत आपल्या किंवा शेजारच्या एखाद्या भाषेसाठी मुलाला मिळतात ६० तास. मुख्य विषय आहेत, उपविषय आहेत, कौशल्याचे अभ्यासक्रम आहेत, मूल्यशिक्षण आहे, क्षेत्रकार्य आहे, इंटर्नशिप आहे, आणि एवढ्या सगळ्यांत जागा अडवली असं ज्याच्याबद्दल आपल्याला वाटतं ते हे साठ तास आहेत.

‘ऐच्छिक’ हा शब्द कानाला गोड लागतो. मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयात त्याला अर्थही असेल. तिथे एका वर्गात शंभर मुलं असतात, त्यांतल्या वीस जणांनी मराठी घेतली, पंधरांनी गुजराती, तरी तासिका भरतात. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या वाणिज्य वर्गात सगळी मिळून चाळीस-पंचेचाळीस मुलं. ऐच्छिक केलं की भाषेला सात-आठ राहणार. सात-आठ मुलांसाठी तास लावणं परवडत नाही, मग ‘यंदा हा पर्याय उपलब्ध नाही’ असं सूचनाफलकावर लागतं. शिक्षकाचं पद आठवड्याच्या कार्यभारावर टिकून असतं. कार्यभार गेला की निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही, तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, दोन वर्षांनी तेही बंद होतं. ज्याला खरोखर भाषा शिकायची होती त्या मुलालाही मग ती मिळत नाही. छोट्या महाविद्यालयात निवड मुलगा करत नाही, वेळापत्रक करतं. सक्ती आहे म्हणून तिथे निवडीला थोडी तरी जागा उरते, हे उलटं वाटेल, पण बावीस वर्षं मी हेच पाहतो आहे.

याचा पुरावा घरातच आहे. अकरावी-बारावीला दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेण्याची मुभा आहे. आयटीत गुण भरघोस पडतात, त्यामुळे विज्ञान आणि वाणिज्यची मुलं तिकडे वळली. कोणी मराठीवर बंदी घातली नव्हती, फक्त शेजारी जास्त गुणांचा रस्ता उघडून ठेवला. २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावीपर्यंत सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आम्ही ढोल वाजवले. मात्र दहावीच्या पुढे, जिथे भाषा खऱ्या अर्थाने वापरायला शिकायची, तिथला रस्ता आपणच मोकळा सोडला.

बाहेरही हेच घडलं आहे. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांवरच्या मुलांना परकी भाषा ऐच्छिक झाली. २००२ मध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला परकी भाषा घेऊन बसणारी मुलं ७६ टक्के होती, २०११ पर्यंत ती ४० टक्क्यांच्या आसपास आली. खासगी शाळांत भाषा बऱ्यापैकी टिकली, गळती लागली ती सरकारी शाळांना, म्हणजे साध्या घरांतल्या मुलांना. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, कोळशाच्या खाणींचं राज्य. तरुण मुलं शिकून बाहेर जातात आणि गावात म्हातारी माणसं उरतात. कोकणातल्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. तिथल्या राज्य विद्यापीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये तोटा भरून काढायला २८ पदव्या आणि १४३ शिक्षकांची पदं रद्द केली, त्यांत परकीय भाषांच्या पदव्या गेल्या. मागणी कमी आहे हे कारण तिथेही पुढे केलं गेलं.

आता मूळ प्रश्न. वाणिज्यच्या मुलाला भाषा कशाला?

तीन वर्षांपूर्वी मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेत गेलो होतो. संस्थेचं दप्तर मागे पडलं होतं. डिझेल परताव्याचे प्रस्ताव, सभासदांची येणी, बर्फाच्या कारखान्याची वीजबिलं, सगळं पिशव्यांत. मुलांनी चार दिवसांत टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीवर सगळं चढवलं, तेरीज जुळवली, ताळेबंद काढला. मला फार बरं वाटलं. पाचव्या दिवशी सचिव म्हणाले, लेखापरीक्षकांनी काढलेल्या मुद्द्यांवर दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा आहे. आणि पर्ससीनच्या, म्हणजे मोठं जाळं गोल टाकून मासळी घेरणाऱ्या, नौका बंदी असलेल्या हद्दीत येतात, त्याबद्दल मत्स्यव्यवसाय खात्याला ठराव पाठवायचा आहे. तेवढं लिहून द्या.

एकालाही जमलं नाही. वर्गात पहिली येणारी एक गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजाच्या कुटुंबातली मुलगी होती, तिने धीर करून कागद पुढे ओढला. तासाभराने तिने वाचून दाखवलं: सदर बोटी इल्लीगल फिशिंग करत असून त्याचा आमच्या कॅचवर इम्पॅक्ट होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती. समोर बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांनी, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “चेडवा, ह्येच्यात आमचा म्हणणा खंय आसा?”

त्यांचं म्हणणं त्यांनी आदल्या दिवशी दहा मिनिटं मालवणीत सांगितलं होतं. कुठल्या दिवशी, किती वाव खोलीवर, उधाणाची मोठी भरती होती की भांगाची लहान, किती जणांची जाळी फाटली, कोणती नौका, तिच्यावरचा नंबर काय. प्रत्येक शब्द त्या मुलीला कळला होता, ती भाषा तिच्या घरचीच. पण बोललेल्यातून लिहिलेल्यात यायचं कसं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. अकरावीला तिने मराठीऐवजी आयटी घेतलं होतं. तेव्हा जुनी चौकट होती, आमच्याकडे वाणिज्यच्या मुलाला मराठीचा एकही तास न बसता पदवी घेता येत होती, आणि तिने तशीच घेतली.

मग गावातल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकांना बोलावलं. त्या गुरुजींनी तिला शेजारी बसवून दोन संध्याकाळी ठराव लिहून घेतला. विषय, सूचक, अनुमोदक, पर्ससीनवर निर्बंध घालणाऱ्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेचा दाखला, मग घटना तारखेनिशी, मग नुकसान, मग शेवटी काय हवं ते. सभेत तो वाचला तेव्हा मागे बसलेली एक मासळी विकणारी आजी म्हणाली, “विनंती कित्याक? मागणी लिव.” मुलीने सगळ्यांसमोर शब्द बदलला. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

मी माझ्या विषयाची बदनामी करत नाही. टॅली आली नसती तर ताळेबंद निघाला नसता. पण इथल्या सहकारी संस्थांचा बहुतेक कारभार मराठीत चालतो. किर्द-खतावणी, इतिवृत्त, लेखापरीक्षण अहवाल, सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेची सूचना. सिंधुदुर्गातल्या वाणिज्य पदवीधराला नोकरी मिळाली तर बहुधा पतसंस्थेत, जिल्हा बँकेत, आंबा-काजूच्या प्रक्रिया कारखान्यात नाहीतर सोसायटीत. तिथे त्याचा निम्मा दिवस मराठी कागदांत जातो. सातबारा, फेरफार, वहिवाट, सामाईक हिस्सा, वरकस हे शब्द वाचता आले नाहीत तर आंबा बागायतदाराच्या कर्जप्रकरणाची छाननी तो करणार कशी? जी भाषा ‘हाताला काम देत नाही’ म्हणून वगळायची, तिच्यातच इथलं काम चालतं.

नोकरीपलीकडचीही एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. या किनाऱ्यावर गेली पंधरा-वीस वर्षं प्रकल्प येत आहेत: अणुऊर्जा, तेलशुद्धीकरण, बंदरं, खाणी. त्यांच्या बाजूने असा की विरोधात, प्रत्येक वेळी गावासमोर कागद येतो आणि हरकती-सूचनांची मुदत असते. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. २०२० मध्ये त्या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तेव्हा तो सगळ्या भारतीय भाषांत मिळावा म्हणून लोकांना न्यायालयात जावं लागलं. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला. आदेश झाला, पण भाषांतर करतो कोण? आलेलं भाषांतर बरोबर आहे की नाही हे गावात तपासतो कोण? वाडीतला एखादा पदवीधर. त्याला दोन्ही भाषा लिहिता-वाचता येत नसतील तर गावाला दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबावं लागतं, मग तो सांगणारा कंपनीचा असो की पुढारी.

मोबाईल भाषांतर करून देतो, असं त्या बैठकीत एकाने म्हटलंच. देतो, आणि पुष्कळदा चांगलं देतो. पण माझ्या विद्यार्थ्यांनी मोबाईलवरून उतरवलेल्या कर्जाच्या करारात मी ‘सिक्युरिटी’चं ‘सुरक्षा’ झालेलं पाहिलं आहे, जिथे ‘तारण’ हवं होतं. ‘कन्सिडरेशन’चं ‘विचार’ झालेलं पाहिलं आहे, जिथे ‘मोबदला’ हवा होता. ‘इंटरेस्ट’ कुठे व्याज आणि कुठे हितसंबंध, हे मजकूर कळणाऱ्यालाच ठरवता येतं. सही करणाऱ्याचं घर त्या एका शब्दावर गहाण पडतं. यंत्र आल्यामुळे तपासणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे, आणि तपासायला भाषा यावी लागते.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं तेव्हा त्यात शेजारी-शेजारी दोन स्तंभ ठेवले होते, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. आम्ही दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो, त्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण ते दोन स्तंभ एकाच माणसाच्या डोक्यात होते, हे मुलांना सांगायचं राहून जातं. आणि हा झगडा नवाही नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत देशी भाषा त्याच्या वरच्या परीक्षांतून वगळल्या गेल्या आणि त्या परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी कित्येक वर्षं खटपट केली. जे एकदा एवढ्या कष्टाने मिळवलं ते वेळापत्रकाच्या सोयीसाठी सोडून द्यायचं का?

सक्तीबद्दल मात्र मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य तिसरी भाषा झाली तेव्हा आपण सगळ्यांनी विरोध केला, आणि सरकारला २९ जूनला त्याबाबतचे निर्णय मागे घ्यावे लागले. मीही विरोध केला होता. मग आज मीच सक्तीची बाजू कशी घेतो? फरक दोन आहेत. सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादणं आणि अठरा वर्षांच्या मुलाला ‘पदवी हवी तर एका भारतीय भाषेत नीट लिहायला शीक’ असं सांगणं, यांत वयाचं अंतर आहे. दुसरा फरक जास्त मोठा आहे: भाषा कोणती, हे विद्यापीठाने ठरवू नये. एक भाषा शिकलीच पाहिजे एवढंच त्याने सांगावं. ती कोणती हे मुलाने ठरवावं.

भाषा कोणती शिकायची हे दुसऱ्याने ठरवलं की काय होतं, ते याच मुलुखाच्या एका माणसाच्या आयुष्यात दिसतं. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं, अस्पृश्य म्हणून नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः मिळवलं. पण प्रत्येक पोर आंबेडकर नसतं. दार बंद असेल तर बहुतेक जण परत फिरतात.

म्हणून दारं जास्त हवीत. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची मुलं रोज गोव्यात कामाला जातात, औषधांच्या कारखान्यांत, हॉटेलांत. गोव्याची राजभाषा कोंकणी, १९९२ पासून आठव्या अनुसूचीत असलेली, लिपीही आपलीच देवनागरी. आमच्या जिल्ह्यात ती चार क्रेडिटसाठी का शिकवू नये? खेड, चिपळूण, रत्नागिरीच्या पट्ट्यात उर्दू माध्यमातून आलेल्या मुली महाविद्यालयात येतात. त्यांना उर्दूचा वर्ग मिळायला हवा, आणि शेजारच्या मराठी मुलालाही तिथे बसता यायला हवं. पालगडच्या साने गुरुजींनी त्रिचीच्या तुरुंगात तमिळ शिकून तिरुक्कुरळ हा प्राचीन तमिळ ग्रंथ मराठीत आणला. आंतरभारतीचं, म्हणजे भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकण्याचं, त्यांचं स्वप्न हेच होतं. सक्ती नुसत्या मराठीची केली तर मी तिच्या बाजूने अर्ध्याच मनाने उभा राहीन. भाषेची केली तर पूर्ण मनाने.

आता आमची चूक. हे साठ तास आज ज्या प्रकारे शिकवले जातात, त्यांत मुलं कंटाळतात तर दोष मुलांचा नाही. बऱ्याच ठिकाणी पाच कविता, तीन ललित लेख, ‘वृत्तपत्रीय लेखनाचे स्वरूप सांगा’ असा प्रश्न आणि गाईडमधून पाठ केलेलं उत्तर. मी कवितेच्या विरोधात नाही. पण वाणिज्यच्या मुलाला साठ तासांत ठराव लिहिता यावा, इतिवृत्त लिहिता यावं, माहिती अधिकाराचा अर्ज करता यावा, इंग्रजी कराराचं एक पान मराठीत आणता यावं आणि आपल्या आजोबांनी मालवणीत सांगितलेलं त्यांना वाचून दाखवल्यावर ‘हां, ह्याच मी म्हटलंय’ असं ते म्हणतील, अशा मराठीत उतरवता यावं. हे कोणा एका भाषाशिक्षकाने करायचं काम नाही. मी त्याच्याबरोबर वर्गात बसायला तयार आहे. लेखापरीक्षण अहवालाचे नमुने मी आणतो, वाक्यं त्याने घडवावीत. विज्ञानाच्या मुलांनी हवामान खात्याचा इशारा कोळीवाड्यात कळेल असा लिहून पाहावा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं आणि तौक्ते पुढच्याच मे महिन्यात. तेव्हा कोणता इशारा कोणाला कळला आणि कोणाला नाही, हे दापोली-श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत घरोघर विचारता येईल. साठ तास पुरणार नाहीत, एवढं काम आहे.

वेळापत्रकाबद्दल एक. आमच्याकडे भाषेचा तास वर्षानुवर्षं शनिवारी शेवटचा लागतो. दीडची एसटी चुकली की पुढची गाडी साडेपाचला, म्हणून आतल्या गावांतल्या मुली एक वाजताच वर्गातून उठतात. त्यांची उपस्थिती कमी भरते, ती आकडेवारी बैठकीत ‘मुलांना भाषेत रस नाही’ म्हणून मांडली जाते आणि तिच्यावरून तास काढायची सूचना येते. तास तिथे कोणी लावला हे कोणी विचारत नाही. सोमवारी सकाळी दहाचा तास गेली कित्येक वर्षं माझ्या हिशेबशास्त्राचा आहे, सगळ्या गाड्या तोवर आलेल्या असतात आणि वर्ग भरलेला असतो. जूनमध्ये नवीन वेळापत्रक लागेल तेव्हा तो तास भाषेला द्यावा, असं पत्र मी प्राचार्यांना दिलं आहे. शनिवारचा शेवटचा तास मी घेईन.